जमा

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी, केनोशात,
हायस्कूलच्या कँटीनमधल्या मुलांच्या बाकांवर
गुडघे दुमडून बसलो होतो आम्ही पालक.
मिसेस कोवाल्चिक यांनी पिवळा कागद वाटला:
चार वर्षं, बावीस क्रेडिट,
इंग्रजीचे चार, गणिताचे तीन,
आणि तळाला जाड ठशात,
नववीपासून सगळं धरलं जातं.

मी कराडच्या पतसंस्थेत सात वर्षं
कॅशच्या खिडकीत बसलेली बाई.
संध्याकाळी पाच रुपयांचा फरक आला
तरी आमच्यातलं कुणी घरी जायचं नाही.
जमा, नावे, शिल्लक,
ही भाषा मला येत होती.

पण नववी?
आमच्याकडे नववी म्हणजे
दहावीच्या दारातलं पायपुसणं.
मला भूमितीत एकोणचाळीस होते बहुतेक.
ते कुठल्याच कागदावर उरले नाहीत,
आणि किती बरं झालं.

नोव्हेंबरात फोन टिणटिणला.
ओजस (शाळेत त्याला ओजे म्हणतात,
संत्र्याच्या रसाला म्हणतात तसं),
अल्जिब्रा, एफ.
सहा गृहपाठ मिळालेले नाहीत.
त्या रात्री मी शाळेचं पोर्टल अकरा वेळा उघडलं.
उघडून बघितल्याने शिल्लक वाढत नाही
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक.

हेरंब म्हणाला, त्याचा मोबाइल काढून घे आधी.
मी दप्तर काढलं. चोरासारखं, बेसमेंटमध्ये.
तळाशी, काळ्या पडलेल्या केळ्याखाली,
सहाच्या सहा.
सोडवलेले. एक सोडून सगळे बरोबर.

मग दिले का नाहीस?

बराच वेळ नुसता फ्रीजचा आवाज.
मग म्हणाला,
ट्रे सरांच्या टेबलावर असतो, आई.
सगळ्यांसमोरून चालत जावं लागतं.

माझ्याकडे भाषण तयार होतं,
आम्ही कुठून आलो, काय सोडून आलो, वगैरे.
ते ओठांपर्यंत आलं
आणि मला वीटभट्टीवरचा दगडू आठवला.
स्लिप भरलेली, नोटा मुठीत,
पण गर्दी ओसरेपर्यंत बाकावरून उठायचा नाही.
त्याला कधी हाक मारून पुढे बोलावलं का मी?
आठवत नाही. बहुतेक नाहीच.

मिसेस कोवाल्चिक फोनवर म्हणाल्या,
सरांना ईमेल त्यालाच लिहू दे.
तुम्ही शेजारी बसा हवं तर,
पण कीबोर्डला हात लावू नका.

बसले.
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.
चार ओळींना त्याला चाळीस मिनिटं लागली.
शेवटच्या शब्दात एक अक्षर जास्तीचं होतं,
ते मला भिंतीवरच्या पालीसारखं दिसत राहिलं.
त्याने पाठवलं तसंच.

सरांचं उत्तर झोपायच्या आत आलं:
सातला ये. मी असतो.

सकाळी तलावावरून वारा असा
की गाडीचं दार उघडायला खांदा लावावा लागला.
रात्री मी त्या कागदांवर हलकी इस्त्री फिरवली होती,
हे त्याला कळलं असेल, बोलला नाही.
फाइल छातीशी धरून गेला.
वळून बघितलं नाही. वळला असता तर
मी हात केला असता, आणि ते त्याला आवडलं नसतं.

डबा सीटवरच राहिला.

मी इंजिन बंद केलं.
आत नेऊन द्यायचं म्हटलं तर तीन मिनिटांचं काम.
दरवाजातून पोरं शिरत होती, टोप्या, हूड,
त्यांतलं माझं कुठलं
ते आता पाठीवरून ओळखता येईना.
पुन्हा चालू केलं.

दुपारी ऑफिसात त्याचे मेथीचे पराठे मीच खाल्ले.
मीठ कमी पडलं होतं.
फोन टेबलावर पालथा.
दोन वाजून दहा मिनिटांनी सरळ केला,
आणि परत पालथा घातला.