अर्धा आटा

खुर्ची भंगारातल्या ओम्नीची,
अक्कलकोट रोडवरनं, साडेसातशेला.
स्टीअरिंग हप्त्यावर.
टेबल मात्र हलायचं. प्रत्येक वळणाला
जपानातला अख्खा घाट
आमच्या दोन खोल्यांत थडथडायचा,
ब्रेक दाबला की पेडल सरकत सरकत
ज्वारीच्या डब्यापर्यंत.

नाना बघत होते. तीस वर्षं जॉबर,
गाडी कधी चालवली नाही.
काही न बोलता माळ्यावर चढले,
विकलेल्या मागाचा उरलेला अँगल काढला,
पाना दातात धरून फरशीवर पालथे.
"डावा पाय जड आहे तुझा.
हातमागावर माझाबी होता. सूत तुटायचं."

नट आवळला,
मग अर्धा आटा परत सैल केला.
"एवढं खेळू दे. लोखंडालाबी श्वास लागतो."

लाईट आली साडेअकराला.
शेजारचा कारखाना खटखटू लागला,
मी पहिली फेरी मारली.
टेबल हललं नाही.

"मिनिटाला किती?" दारातून नाना.
वेग नव्हते विचारत. फेरे,
मागाचे मोजतात तसे.
"सात हजार."
"जळंल की बे," म्हणाले,
आणि खुर्चीमागं स्टूल ओढलं.