हंगाम नसताना

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी नळ बंद करते.
त्रेचाळीस जागांचे त्रेचाळीस नळ.
पाइपात हवा सोडून शेवटचा थेंब बाहेर काढायचा,
नाहीतर एका रात्रीत गोठून लोखंड फुटतं.
मग फाटकावरच्या 'जागा नाही'मधला
'नाही' उतरवून शेडमध्ये ठेवते.
एप्रिलपर्यंत पाटीवर उरते
नुसती 'जागा'.

युटाच्या या कोपऱ्यात तेव्हा कुणी नसतं.
लॅव्हर्नचं हॉटेल बंद, पेट्रोलपंपावर मशीनच पैसे घेतं,
पार्कच्या नाक्यावरची खिडकी रिकामी,
आणि लाल कडे आपापसात काहीतरी ठरवत बसल्यासारखे.
फोन येतो, दिवसाला एखादा.

जुलैतली माणसं विचारतात, वाय-फाय आहे का,
पार्कचं फाटक किती मैलांवर, पोरांना पोहायला काही?
नोव्हेंबरातली वेगळं विचारतात.
ऐकता ऐकता, न बघताच, मला गाडी दिसते.

'वीज तीस अँपची की पन्नास?'
म्हणजे आत कुणीतरी आहे ज्याला थंडी सोसत नाही.
'कपडे धुवायची खोली चालू असते का?'
म्हणजे मागे घर उरलेलं नाही, विकून निघालेत.
'मैल्याची टाकी कुठे रिकामी करू?'
हा मुरलेला. याला मी दोन डॉलर कमी सांगते.

एल्डन प्रुइटने यातलं काहीच विचारलं नाही.
मीच सांगत सुटले:
उत्तरेच्या रांगेत ऊन पावणेअकराला उतरतं,
ओढ्याकाठी चार अंश जास्त गार,
कॉटनवुडखाली लावू नका, वाऱ्यात फांद्या पडतात.
तो म्हणाला, हं.
मग म्हणाला, रात्री खिडकीतून एखादा दिवा दिसेल का?
माणसाचा. रस्त्याचा नको.
पण आवाज येता कामा नये.

पार्कला लागून होतो तिथे अख्ख्या मैदानात मी एकटा,
दोन रात्री डोळा लागला नाही.
हायवेवर आलो तर शेजारी जनरेटर, पहाटेपर्यंत.
दोन्ही सोडली.

असं मला कुणी विचारलं नव्हतं.
त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावून ठेवला,
रेडिओ चालू ठेवला, आणि टॉर्च घेऊन निघाले.
चौदा नंबरवरून दिवा गॅसच्या टाकीमागे जातो.
वीसवरून फार जवळ, बातम्या शब्दन् शब्द कळतात.
सव्वीसला दिसतो, पण वाऱ्याची दिशा बदलली की पुन्हा रेडिओ.
एकतीसवर थांबले.
दोन खोडांच्या फटीत, मसुरीच्या डाळीएवढा,
आणि आवाज अजिबात नाही.
लागायला हवी होती त्यापेक्षा जास्त वेळ मी तिथे उभी होते.
सतरा वर्षांत माझं घर मी बाहेरून, रात्रीचं,
इतक्या लांबून पाहिलं नव्हतं.
वाटलं, कुणीतरी राहतं वाटतं तिथे.

तो मंगळवारी आला. तिसऱ्या प्रयत्नात गाडी मागे घेतली,
पैसे पाकिटात घालून पेटीत टाकले,
दारावर टकटक केली नाही. बरं वाटलं.
मी नऊला झोपणारी, अकरापर्यंत दिवा ठेवू लागले.
पुस्तक उघडं, वाचत नव्हते.

पाचव्या रात्री वारा सुटला आणि वीज गेली.
सगळं काळं.
खणात मेणबत्ती सापडली, काड्यापेटी नाही.
चाचपडत होते, ड्रॉवर, खिसे, ओट्याखाली,
आणि मान वर केली तर
खोडांच्या फटीत
कुणीतरी कंदील आणून खिडकीशी ठेवत होतं,
थोडा डावीकडे, मग परत थोडा उजवीकडे,
नीट दिसेपर्यंत.

निघायच्या दिवशी हिशेब करताना
त्या रात्रीच्या विजेचे मी चार डॉलर परत केले.
तो काही बोलला नाही.
मोजून घेतले.