गो, नो-गो

सातपूरला, दुसऱ्या पाळीत,
मी बेअरिंगच्या कड्या तपासतो.
गेजचं एक तोंड 'गो', दुसरं 'नो-गो'.
एक आत जायला हवं, दुसरं अडायला हवं.
एकवीस वर्षांत कुणाला विचारावं लागलं नाही.

आणि कॉलेज रोडवर
दोन शर्ट हातात घेऊन उभा असतो,
वैजूचा फोन लागेपर्यंत.

आधी दादा ठरवायचा. डिप्लोमा, नोकरी,
मग मुलगी. लग्नात त्याने
माझा हात तिच्या हातात दिला, सगळे हसले.
मला वाटलं, पाळी बदलली,
चार्जच्या वहीवर सही झाली.

ती रागावली की मी आधी माफी मागतो,
कशाबद्दल ते नंतर विचारतो.
मला कारलं आवडत नाही
हे तिला अजून माहीत नाही.

गंगापूर रोडच्या नाडगौडा मॅडमनी
नाव कागदावर लिहून दिलं :
परावलंबी व्यक्तिमत्त्व विकार.
म्हणाल्या, हा आळस नव्हे.
एकटं पडायची भीती इतकी जुनी
की तिलाच तुम्ही स्वभाव समजलात.
मग द्राक्षवेलीचं उदाहरण देऊ लागल्या.
म्हटलं, नको मॅडम, मी पिंपळगावचा.
वेल तारेवर चढते, खरंय,
पण डोळा फुटताना
ती तारेला विचारत नाही.
त्यांनी ते लिहून घेतलं.
मी लगेच विचारलं, "चुकलं का काही?"

वैजू ट्रेनिंगला अकोल्याला गेली. अकरा दिवस.
पहिल्या रात्री दिवा चालू ठेवून झोपलो.
रविवारी मिसळीला गेलो.
पोऱ्या म्हणाला, रस्सा काळा की लाल?
फोन लावला. कव्हरेज क्षेत्राबाहेर.
मागे रांग. खिशात गेज नाही.
"काळा."
मागून कुणीतरी बोलल्यासारखा आवाज.

नाकातोंडातून पाणी आलं. वाटी पुसून खाल्ली.
मग चालत दुतोंड्या मारुतीपाशी गेलो.
त्यालाही दोन तोंडं. गावाचा पूर
त्याच्या अंगावर मोजतात.
धरणातून पाणी सोडलं होतं.

तिथं तिचा फोन आला. सगळं सांगितलं,
आणि सवयीने, "बरोबर केलं ना?"
ती म्हणाली, "तिखट होतं?"
"हो," म्हणालो. आणि ध्यानीमनी नसताना,
"मला कारलं आवडत नाही."

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
पाणी गुडघ्याला की कमरेला,
मी मारुतीकडे बघत राहिलो.