खिळे

आमच्या गावाचं नाव न्यू लंडन, नदीचं थेम्स.
नावं पणजोबांनी आणलेली जहाजातून,
बियाण्यासारखी, ओल लागू न देता.
पलीकडचा तो देश म्हणजे आम्हां सगळ्यांचंच माहेर.
म्हणून माहेरच्या शिक्क्याचा पहिला नमुना आला
तेव्हा मला हसूच आलं:
कागदाच्या कोपऱ्यात मुकुट,
फुगून आलेल्या पिठासारखा.

वर्तमानपत्राच्या तावाला अर्धा पेनी.
मृत्युपत्राला वेगळा, पंचांगाला वेगळा,
पत्त्यांच्या जोडाला एक शिलिंग, जाहिरातीला दोन.
इथमार रात्रभर हिशेब करत बसला.
माझ्या नवऱ्याला राजाचा राग नव्हता, हे सांगायलाच हवं.
राग होता त्या अर्ध्या पेनीचा,
जी त्याला न विचारता कुणी ठरवली.

त्या आठवड्यात आम्ही अंक काढला काळ्या चौकटीत,
घरात कुणी गेल्यासारखा.
पुढे शिक्का रद्द झाला. घंटा वाजल्या,
माळ्यावर लपवलेली बाटली खाली आली.
वाटलं, संपलं.

मग काच, रंग, चहा, कागद, शिसं.
कागद आणि शिसं!
छापखान्यात मग उरतं काय?
शाई. तीही काजळीचीच.
मी रासबेरीची पानं उकळून प्यायले,
थुंकून टाकावं असं पाणी,
आणि शेजारणींना विचारलं, छान लागतं, नाही?
त्या हो म्हणाल्या. हट्टालाही
सवयीनं चव येते.

खिळे जुळवायचा क्वाको.
उलटी अक्षरं तो सरळ वाचायचा, दिवा नसला तरी बोटांनी.
सासऱ्यांनी त्याला बार्बाडोसच्या गलबतावरून घेतला,
काकवीच्या दोन पिंपांसोबत, एकाच पावतीवर.
त्याच बोटांनी जुळवली आमची सगळी गाऱ्हाणी:
आधी अर्ज, मग विनवणी,
मग ताकीद.
एका शब्दाचे खिळे इतके झिजले
की छापल्यावर तो पुसट उमटू लागला.
कोणता, ते सांगत नाही.

एप्रिलमध्ये स्वार आला. घोड्याच्या तोंडाला फेस,
स्वाराच्या तोंडी एका पुलाचं नाव.
माझा धाकटा जेडिडाया ताटावरून उठला,
माशाचा एकच घास मोडलेला.

उन्हाळ्यात शिसं कमी पडलं.
इथमारनं जुने खिळे कढईत ओतले.
पूर्णविराम आधी वितळले, मग स्वल्पविराम,
मग बारीक अक्षरं. सगळ्यात शेवटी
मथळ्याची मोठी, एकमेकांना टेकून.
दहा वर्षं ज्यांनी वाद घातला
ते साच्यातून पडले, वाटाण्याएवढे, मुके.
जेडिडायाच्या पिशवीत मी मोजून बत्तीस टाकले.

पिशवी परत आली.
सतरा होते.

पुढच्या जुलैत जाहीरनामा आला छापायला.
सगळी माणसं समान, ही ओळ जुळवताना
क्वाकोचा हात थांबतो का, मी पाहत होते.
नाही थांबला.
एकही चूक नव्हती.
शुक्रवारी पहाटे त्याचं अंथरूण घडी घातलेलं,
आणि सगळे खिळे धुऊन
ज्याच्या त्याच्या खणात.

जाहिरात लाव, इथमार म्हणाला.
पळाला आहे. नाव क्वाको, वय पस्तिशीचं,
छपाईच्या कामात तरबेज,
डाव्या भुवईवर भाजल्याचा व्रण.

मी जुळवत गेले. हवं ते अक्षर
हात घालताच सापडत होतं.
भुवईची ओळ गाळली.
घाई झाली, म्हटलं.

इथमारनं ओला ताव उजेडात धरला.
खूश होता.
आठवतं, म्हणाला,
असल्या चार ओळींवर
दोन शिलिंग मागत होते ते लोक.