रिंगा काढून नेल्या त्या उन्हाळ्यात

मे संपता संपता नगरपालिकेची शिडीगाडी आली.
दोन माणसं, एक पाना.
मैदानाच्या दोन्ही फळ्यांवरून त्यांनी रिंगा उतरवल्या,
झाडावरून पोळं उतरवावं तशा, जपून.
गर्दी होते, म्हणाले. भांडणं होतात.
फळ्या राहिल्या. बोल्टांची चार-चार भोकं राहिली.

टोलीडोत त्या वर्षी जायला दुसरी जागा नव्हती,
म्हणून आम्ही लुशियस पेटिफर्डच्या सलूनमध्ये.
कोपऱ्यात टीव्ही, टीव्हीखाली कन्सोल
आणि भाच्याने मागे ठेवलेला एकच गेम :
रस्त्यावरचं बास्केटबॉल, तिघांविरुद्ध तिघं,
पंच नाही, फाउल नाही,
एकवीस झाले की संपलं.

त्यातली माणसं घरांच्या छपराएवढी उडी मारायची
आणि वर गेल्यावर थांबायची, चक्क थांबायची,
उतरावं की नाही याचा विचार करत असल्यासारखी.
चेंडू समोरच्याच्या कपाळावर आपटून परत हातात.
पट्टी भरली की चेंडू पेटायचा,
आणि पेटलेला चेंडू चुकत नसे.

नव्याचे नऊ दिवस, ओनेटा म्हणाली,
आणि कॅलेंडरवर खुणा करायला लागली.
तिसऱ्या दिवशी सगळे शर्ट मिळाले.
पाचव्या दिवशी शेवटचं मैदान उघडलं :
एक गच्ची, पाण्याची टाकी,
टाकीवर कधीच न हलणारं कबूतर.
सातव्या दिवशी ट्रेमेनला शोध लागला
की डावीकडे दोनदा वळलं
की संगणकाचा उंच गडी
दर वेळी, न चुकता, गुडघ्यांवर येतो.
आम्ही त्याचं नाव ठेवलं डीकन.
नवव्या दिवशी ओनेटाने कंट्रोलर खाली ठेवला.
तळ लागला, म्हणाली.

लागलाच होता.
पण बाहेर पारा शंभराला टेकलेला,
आणि फळ्यांना भोकं.
दहाव्या दिवशी आम्ही परत गेलो.

मग एका हाताने खेळून पाहिलं.
मग पेटलेला चेंडू बाद.
मग आवाज बंद करून लुशियसचं समालोचन,
कात्री हवेत, गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं तसंच.
एक अख्खा मंगळवार डीकनला जिंकू देण्यात गेला.
आम्ही नुसते उभे राहायचो.
तरी तो हरला.
जिंकायचं कसं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

टपालखात्यातून निवृत्त झालेले मिस्टर गॅड्सन
रोज बघत बसायचे. एकदा म्हणाले,
ह्यात घाम कुठे येतो?
आम्ही गप्प.
मग त्यांनीच कंट्रोलर मागून घेतला,
सोळा-एकवीसने हरले,
आणि उठताना हात वर करून
शर्टाची ओली बगल दाखवली.

पुढच्या एप्रिलमध्ये रिंगा परत आल्या.
कोणी कळवलं नाही. आवाजच आला,
लोखंडाला लागून परतलेल्या चेंडूचा.
ट्रेमेन खुर्चीतून उठला तो
गळ्याला बांधलेल्या पांढऱ्या कापडासकट.
आम्ही पळालो.
मी डावीकडे दोनदा वळलो.
क्विन्सी मॅकअडू पडला नाही.
तो उभा राहिला, हसला, चेंडू काढून घेतला.
मग मी उडी मारली,
आणि वर गेलो न गेलो तोच खाली.

आज कोणी विचारलं, कसा होता तो गेम, टिकतो का,
तर मी सांगतो, नऊ दिवस.
खोटं नाही ते.

पण त्या संध्याकाळी टीव्ही चालूच राहिला होता.
बराच वेळ कोणी बटण दाबलं नाही
की तो गेम आपला आपण खेळायचा, दोन्ही बाजूंनी.
लुशियस केस झाडत होता,
आणि शपथेवर सांगतो (त्याची शपथ म्हणजे काय, ते सोडा)
की डीकन जिंकला. एकवीस-एकोणीस.
शेवटचा चेंडू पेटलेलासुद्धा नव्हता.
दुकानात दुसरं कोणी नव्हतं.
हातात झाडू धरून तो पुन्हा दाखवायचं बटण शोधत राहिला.
त्या गेममध्ये तसं बटणच नव्हतं.