फ्रीजरमधलं अस्वल

पडदे उतरवले. गालिचा देऊन टाकला.
उशांना चेनचे अभ्रे,
चादरी दर रविवारी कढत पाण्यात.
तरी धायरीच्या या तिसऱ्या मजल्यावर
समोरच्या बांधकामाची धूळ येतेच,
चपला न काढता.

डॉक्टर म्हणाले, मऊ खेळणी रात्रभर गोठवा.
म्हणून भुरू अस्वल
मटारच्या पिशवीशेजारी.

पहाटे तीनपर्यंत शिंका मोजल्या,
अकरा, बारा,
मग नुसता श्वास,
बारीक शिट्टी घालणारा.
मी पाठीवर हात ठेवून जागीच.

सकाळी शाल्मली स्टुलावर, फ्रीजर उघडा.
भुरूच्या कानांवरून ओढलेली लोकरीची टोपी,
मीच कपाटाच्या तळाशी लपवलेली.

"तो काकडला होता," म्हणाली,
आणि शिंकली.

टोपीसकट
दार लावून घेतलं मी.
आणखी एक रात्र.