आठाच्या पोटात

धोपाव्याकडून अकराची फेरीबोट लागली
आणि जुलेखाबी मुकादम दुकानाची पायरी चढल्या.
हातात खारीचा पत्र्याचा डबा.
"आज्यान आणलान चीनकडनं. पाच डॉलर हायत.
चिपळूणचा शेट वजनावर मागतोय.
तू एकदा बघ, मग देते."

मी बाबांचं भिंग काढलं.
एका कडेला त्याचा टवका उडालाय.
आता सवय झालीय,
फुटकी जागा डोळा आपोआप वगळतो.

बाबा म्हणायचे, बाईच्या तोंडाकडे बघत बसू नकोस.
डॉलरवरची ती उभी बाई,
एका हाती त्रिशूळ, दुसऱ्या हाताखाली ढाल,
मागे शिडं फुगलेलं जहाज,
ती सगळ्यांवर सारखीच.
नाणं ओळखायचं ते ठसा कोरणाऱ्याच्या आळसावरून.

पहिला चुंबकाला चिकटला.
काही न बोलता मी तो बाजूला ठेवला.
दुसरा झिजून पेढ्यासारखा गुळगुळीत.
तिसऱ्यावर कुणा चिनी सराफानं पारखून मारलेली खूण,
तांदळाच्या कणीएवढी,
बाईच्या बरोबर गुडघ्यावर.

"हे चीनचे नाहीत," मी म्हटलं,
"त्रिशूळाच्या मधल्या दात्यात बारीक 'बी' आहे, दिसतो?
मुंबईच्या टांकसाळीत पाडलेत.
इथून तिकडे गेले."
"आणि तिकडनं पुन्यांदा हितं," त्या म्हणाल्या,
"भाडं कुणी भरलान?"

चौथा एकोणीसशे आठचा. पाचवाही आठचाच.
दोन्ही शेजारी ठेवले.
ट्यूब बंद केली. ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात
सगळीच नाणी सज्जन दिसतात.
खाडीकडच्या दारातून येतो तो तिरका उजेड हवा,
आणि नाणं हळूहळू फिरवायला हवं,
तव्यावरची भाकरी फिरवावी तसं.

फिरवता फिरवता सापडलं.
पाचव्याच्या आठाच्या वरच्या पोटात एक काटा.
खालच्या पोटात आणखी एक.
मागे वळून पाहणाऱ्या तिनाची दोन टोकं.

"ठसा तीन सालचा होता," मी सांगू लागले,
"शिल्लक राहिला असेल. पोलाद फेकवत नाही कुणाला.
पाच वर्षांनी तिनावरच आठ ठोकला.
वजनावर देऊ नका हा. हौशी माणूस
ह्या दोन काट्यांचे वेगळे पैसे मोजेल."

जुलेखाबी हसल्या नाहीत.
डब्याच्या तळातून प्लास्टिकची पिशवी काढली,
पिशवीतून आज्याचं जहाजावरचं पुस्तक.
पहिलं पान. नाव, गाव, बापाचं नाव,
उजव्या भुवईवर व्रण.
जन्माचं साल एकोणीसशे तीन.

"भिंग लाव," म्हणाल्या.

तिनाच्या डाव्या अंगाला कागद पातळ होता.
दाराकडे धरला तर तिथून खाडी दिसेल इतका.
ब्लेडनं दोन वळणं खरवडलेली,
आठाचं डावं अंग.

"पंधराचा होता. बोटीवर घेत नव्हते.
बंदरावरच्या कारकुनान करून दिलान, दोन रुपयांत.
मग कागदावर आधीच म्हातारा झाला.
कंपनीन पाच वर्सं आधी घरी बसवलान.
ओसरीवर बसून
बोटींचे भोंगे मोजायचा."

मी नाणं आणि पुस्तक काचेवर ठेवलं.
एकाच्या आठाखाली तीन,
दुसऱ्याच्या तिनाखाली आठ.
बाबा असते तर काहीतरी बोलले असते.
मला एवढंच सुचलं,
की कारकुनाचा हात टांकसाळीतल्या माणसापेक्षा सफाईदार होता.

"कबरीवर कुठलं साल आहे?"
"जांभ्याचा दगड हाय. साल कसलं त्याला."

शेटचा फोन आला. त्यांनी उचलला नाही.
बाजूला ठेवलेला तो पहिला डॉलर
बोटानं सरकवत विचारलं,
"ह्यो खोटा?"
"हो."
"पण आणलान त्यानंच ना?"
"त्यानंच."
"मग टाक डब्यात. गेलं असंल पोर फसून."

दीडच्या बोटीला अजून वेळ होता.
चहा सांगितला.
भिंग पुसताना पहिल्यांदाच
त्या टवक्यातून मुद्दाम पाहिलं.
जुलेखाबी तिथे दोन दिसत होत्या,
एकीवर एक, जराशा सरकलेल्या.